आठ विहिरी, एक सरासरी आणि बूटस्ट्रॅप: चिठ्ठी नेमकी कशाची काढायची?

आडविहीर (धागाकर्ती)

एका पाणलोट प्रकल्पात आठ विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट तपासून आणलंय. खरे आकडे प्रकल्पाचे, इथे टाकता येत नाहीत. म्हणून ढाचा तसाच ठेवून गोल केलेले देते. मिलिग्रॅम प्रति लिटर:

१२, १८, २२, २५, ३१, ३८, ४७, १६७

सरासरी बरोब्बर ४५. गंमत म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादाही ४५च. त्यामुळे अहवालात "पाणी मर्यादेत" लिहायचं की "मर्यादेला टेकलेलं", यावरून ऑफिसात जुंपली आहे.

वरिष्ठ म्हणाले, सरासरी नुसती देऊ नकोस, पुढे अधिक-उणे लाव. पुस्तकातल्या सूत्राने लावलं. प्रमाण विचलन ५०.५, त्याला आठच्या वर्गमुळाने भागून प्रमाण त्रुटी १७.९, सात स्वातंत्र्यांशांचा टी २.३६५. उत्तर आलं ४५ ± ४२. म्हणजे पंच्याण्णव टक्के खात्रीने खरी सरासरी ३ ते ८७ च्या मध्ये. आता ३ कुठून आणायचे? आमच्या सगळ्यात स्वच्छ विहिरीतसुद्धा १२ आहेत.

मग एकाने बूटस्ट्रॅप सुचवला. एक्सेलमध्ये इंडेक्स आणि रँडबिटवीन वापरून आठातून आठ आकडे उचलायचे, उचललेला परत आत टाकायचा (म्हणजे एकच विहीर दोनदा-तीनदा येऊ शकते), सरासरी काढायची, आणि हे दहा हजार वेळा. मधल्या ९५ टक्के सरासऱ्या साधारण २२ ते ८२ मध्ये आल्या. हे जरा पटण्यासारखं आहे.

पण आलेख काढला तर एक छानशी टेकडी यायच्या ऐवजी वेगवेगळे उंचवटे आले: २८ जवळ, ४५ जवळ, ६२ जवळ आणि एक बारका ८० जवळ. माझं शीट गंडलंय का? आणि मुळातला प्रश्न असा की तेच आठ आकडे दहा हजार वेळा घोळवून नवीन माहिती येते कुठून?

---

आकडेमोड्या

शीट अगदी बरोबर आहे. ते उंचवटे म्हणजे तुमची १६७ वाली विहीर.

भिशीच्या डब्यात आठ चिठ्ठ्या आहेत असं समजा. एक काढली, आकडा लिहिला, परत टाकली, असं आठदा. या आठ खेपांत १६७ ची चिठ्ठी एकदाही न येण्याची शक्यता सात-अष्टमांशचा आठवा घात, म्हणजे ३४ टक्के. एकदाच येण्याची ३९ टक्के, दोनदा २०, तीनदा जवळपास ६. ती आलीच नाही तर उरलेल्या सातांची सरासरी २७.६ च्या आसपास. एकदा आली तर ४५, दोनदा ६२, तीनदा ८०. तुमचे चार उंचवटे हेच. बाकीच्या सात विहिरी मिळून प्रत्येक उंचवट्याला थोडी रुंदी देतात, बस्स.

म्हणजे तुमच्या अनिश्चिततेचं जवळजवळ सगळं ओझं एका विहिरीवर आहे. ही गोष्ट ४५ ± ४२ मध्ये पूर्ण लपली होती, कारण त्या सूत्राने टेकडी आधीच गृहीत धरली होती, दोन्ही बाजूंनी सारखी. म्हणून डावीकडे ३ पर्यंत घसरलं. बूटस्ट्रॅप टेकडी गृहीत धरत नाही, तुमच्याच आकड्यांचा वाकडेपणा पुढे नेतो.

नवीन माहिती कुठून येते? कुठूनच नाही. दहा हजार हा आकडा फक्त गणिताची कसर कमी करतो. आठ विहिरींच्या आठच राहतात. खरं तर दहा हजार न करताही चालेल: क्रम सोडला तर आठातून वेगवेगळे संच निघतात फक्त ६४३५. बूटस्ट्रॅप विचारतो ते इतकंच, की "अशाच प्रकारच्या दुसऱ्या आठ विहिरी माझ्या वाट्याला आल्या असत्या तर माझं उत्तर किती हललं असतं?" दुसऱ्या आठ विहिरी आपल्याकडे नसतात, म्हणून हातातल्या आठांनाच सगळ्या शिवाराचे प्रतिनिधी मानायचं.

आता थोडं पाणी ओततो. आठ म्हणजे फारच कमी. इतक्या लहान आणि एकीकडे झुकलेल्या नमुन्यात २२ ते ८२ हे अंतर नावाला ९५ टक्के असलं तरी प्रत्यक्षात त्याहून कमी वेळा खरं ठरतं. ब्रॅडली एफ्रॉनने १९७९ मध्ये बूटस्ट्रॅप मांडला आणि १९८७ मध्ये त्यानेच 'बीसीए' ही दुरुस्त आवृत्ती दिली, ती उत्तराचं एका बाजूला सरकणं आणि आकड्यांचा झुकाव, दोन्ही हिशेबात धरते. आर या संगणकभाषेच्या 'बूट' पॅकेजमध्ये आहे, पायथनच्या सायपाय या संचातही. एक्सेलमध्ये जमेल, पण कशाला जिवाला त्रास.

---

निवांत

मला हा सगळा प्रकार आरोपीनेच स्वतःच्या बाजूने साक्ष देण्यासारखा वाटतो. विहिरी कोणी निवडल्या? रस्त्यालगतच्या, जीप जाते तिथल्या, मालक घरी भेटला त्या. ही निवड वाकडी असेल तर दहा लाख वेळा चिठ्ठ्या काढल्या तरी वाकडीच राहणार. वर उत्तराला ९५ टक्क्यांचा शिक्का बसणार.

आणि सरासरी पाणी पितं कोण? ज्या घरी १६७ वाली विहीर आहे त्या घरी १६७ पितात.

---

आकडेमोड्या

निवांत, पहिला मुद्दा सोळा आणे मान्य. निवडीतली खोट पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून दिसतही नाही आणि जातही नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर: पिण्याच्या पाण्यासाठी सरासरी हा प्रश्नच चुकीचा, हेही खरं. प्रश्न हवा "किती विहिरी मर्यादेबाहेर?" आठापैकी दोन (४७ आणि १६७). याला बूटस्ट्रॅपची गरजही नाही, द्विपद वितरणाने (हो-नाही मोजणीचं साधं सूत्र) थेट निघतं: २५ टक्के, आणि ९५ टक्के अंतर ३ ते ६५ टक्के. एवढं रुंद बघून वरिष्ठ चिडतील, पण आठ विहिरींत यापेक्षा जास्त बोलता येत नाही. सरासरी लागते ती वेगळ्या कामाला: शिवारात एकूण नायट्रेट किती मुरतंय, खताचा हिशेब वगैरे.

---

सह्यकन्या

आडविहीर ताई, त्या १६७ वाल्या विहिरीला "आउटलायर" (बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा) म्हणून उडवू नका हं. असं करणारे अहवाल खूप पाहिलेत. बेसॉल्टच्या भागात उघड्या विहिरी वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरातून पाणी घेतात. शेजारी गोठा, उकिरडा किंवा शोषखड्डा असेल तर एकाच विहिरीत नायट्रेट उसळतं आणि शंभर मीटरवरची विहीर स्वच्छ राहते. ती विहीर खोटी नाही, तीच तुमची बातमी आहे. जाऊन काठ बघा, गोठा किती अंतरावर आहे ते लिहा.

आणि आठ विहिरी खरंच स्वतंत्र आहेत का तेही बघा. तीन एकाच ओढ्याच्या काठी, एकाच भेगेवर असतील तर त्या तीन चिठ्ठ्या नव्हेत, एकच जाड चिठ्ठी आहे.

---

पर्जन्यमापी

सह्यकन्या यांनी शेवटी जे लिहिलंय तिथेच भूशास्त्रातले निम्मे बूटस्ट्रॅप झोपतात. चिठ्ठी कशाची काढताय ते आधी ठरवा, संगणक नंतर चालू करा.

काळाच्या नोंदींत हे फार दिसतं. एका विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला मोजली, तीस वर्षं. ३६० आकडे, बघणारा खूष. पण या महिन्याची पातळी गेल्या महिन्याच्या पातळीला धरून असते. ऋतुचक्र वजा केल्यावरही लगतच्या महिन्यांचा सहसंबंध समजा ०.८ उरला, तर सरासरीपुरते तुमचे ३६० आकडे कामाचे किती? ३६० गुणिले (१ − ०.८) भागिले (१ + ०.८) = ४०. नऊपट फुगवटा. महिने सुटे सुटे चिठ्ठीत टाकले तर बूटस्ट्रॅप ३६० समजूनच चालणार आणि त्रुटी तिप्पट कमी दाखवणार. मग "पातळी लक्षणीयरीत्या घटतेय" असे मथळे निघतात.

यावर उपाय म्हणजे तुकडे. सलग महिन्यांचा तुकडा अखंड उचलायचा, म्हणजे आतलं नातं तुटत नाही. क्युन्शने १९८९ मध्ये सरकत्या तुकड्यांची पद्धत दिली. पोलिटिस आणि रोमानो यांनी १९९४ मध्ये तुकड्याची लांबीही यदृच्छ ठेवली, त्यामुळे सांध्यांचा त्रास कमी होतो. लांबी किती ठेवायची यावर वाद संपत नाहीत. नुसत्या संख्येवरचा ढोबळ नियम घनमुळाचा, म्हणजे ३६० ला सातेक महिने. मला तो आपल्याकडे पटत नाही. सात महिन्यांचा तुकडा पावसाळा मध्येच कापतो. मी जून ते मे असं अख्खं जलवर्ष एक चिठ्ठी धरतो. तीस चिठ्ठ्या होतात, अंतर रुंद येतं, पण झोप लागते.

वार्षिक पावसाचं मात्र उलट आहे. यंदाच्या पावसाचा गेल्या वर्षीच्या पावसाशी संबंध फार थोडा, तिथे वर्षं सुटी टाकायला हरकत नाही. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे (१९७१ ते २०२० वरून) आणि वर्षावर्षाचं विचलन तिच्या १० टक्क्यांच्या घरात. पन्नास वर्षांवर सरासरीची त्रुटी झाली १.४ टक्के. इथे सूत्र आणि बूटस्ट्रॅप दोघेही तेच सांगतात. उगाच चिठ्ठ्या काढू नका.

---

एक_वाचक

वाचतोय. बाळबोध शंका: मग याच पद्धतीने "शंभर वर्षांत एकदा" पडणाऱ्या पावसाचा अंदाज काढता येईल का? आमच्याकडे नाल्याच्या पुलाचं काम आहे म्हणून विचारतोय.

---

पर्जन्यमापी

सरळ बूटस्ट्रॅपने नाही! शंका बाळबोध अजिबात नाही, इथे भलेभले फसतात.

चिठ्ठ्यांत जो सगळ्यात मोठा आकडा आहे त्याच्यापलीकडे बूटस्ट्रॅप कधीच जाऊ शकत नाही. वर नमुना पुरेसा मोठा असला की जवळपास ६३ टक्के खेपांत कमाल आकडा जसाच्या तसा परत येतो. म्हणजे कमाल पावसाची "अनिश्चितता" काढायला गेलात तर बहुतेक वेळा तोच आकडा, उरलेल्या वेळी त्याच्याखालचे दोन-चार. ही अनिश्चितता नव्हे, प्रतिध्वनी आहे.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याआधीच्या सांताक्रूझच्या नोंदी घेऊन कितीही चिठ्ठ्या काढल्या असत्या तरी ९४४ आला नसता, कारण तो डब्यात नव्हताच. आणि त्याच दिवशी कुलाब्याला किती? ७३. म्हणजे तुमचं मापक कुठे उभं आहे यावर सगळी शंभर वर्षं उलटीपालटी होतात.

पुलासाठी वार्षिक कमाल पावसाला टोकाच्या मूल्यांचं वितरण (जीईव्ही) बसवा, मग त्या बसवलेल्या वितरणातून नवे संच काढून पुन्हा पुन्हा बसवा. याला प्राचलिक बूटस्ट्रॅप म्हणतात. तो डब्याबाहेर जाऊ शकतो, पण वितरणाचा आकार चुकला तर तोही तुमच्याबरोबर चुकतो.

---

कोयनाकाठ

भूकंपवाल्यांच्या बाजूने दोन शब्द. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा ६.३ चा धक्का आमच्या घरातल्या मोठ्यांनी अनुभवलेला, त्यामुळे हा विषय आला की राहवत नाही.

भूकंपांच्या यादीतून बी-मूल्य काढतात. मोठ्या धक्क्यांच्या तुलनेत लहान किती, याचं ते माप, बहुतेक ठिकाणी १ च्या आसपास. अकीने १९६५ मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: ०.४३४ भागिले (सरासरी तीव्रता − किमान तीव्रता). त्रुटी बी भागिले धक्क्यांच्या संख्येचं वर्गमूळ. शंभर धक्के, बी १, तर ± ०.१. धरण भरताना आणि उतरताना बी बदलतो का, असा प्रश्न असेल तर हा ± ०.१ फार महत्त्वाचा, कारण जो बदल दाखवायचा असतो तो बहुधा तेवढाच असतो.

आता लोक काय करतात? "किमान तीव्रता", म्हणजे ज्याच्यावरचे सगळे धक्के यंत्रांनी पकडले असं मानतो ती पातळी, एकदाच डोळ्यांनी ठरवतात आणि मग उरलेल्या यादीवर बूटस्ट्रॅप चालवतात. पण ती पातळी स्वतःच त्याच आकड्यांतून निघालेली असते. तीही प्रत्येक खेपेला नव्याने काढायला हवी. तुमच्या कामातली जी जी पायरी आकडे बघून ठरते ती सगळी चक्राच्या आत. हे केलं की अधिक-उणे चांगलंच फुगतं, आणि ते खरं असतं.

सह्यकन्या यांचा एकाच भेगेचा मुद्दा इथे थोडा वेगळा लागतो. एका मोठ्या धक्क्यामागून आलेल्या धक्क्यांची तीव्रता बऱ्यापैकी स्वतंत्र असते, त्यामुळे बी-मूल्याला फार बाधत नाही. पण "महिन्याला किती धक्के" या दराला मात्र जबर बाधतं. तिथे अख्खी मालिका म्हणजे एक चिठ्ठी. म्हणजे एकाच यादीत प्रश्न बदलला की चिठ्ठी बदलते.

आणि यंत्रांचं जाळं बदललं तर? कोयना-वारणा भागात एनजीआरआयचं (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) डिजिटल जाळं २००५ पासूनचं. त्याच्या आधीची आणि नंतरची यादी एका डब्यात घातली तर बूटस्ट्रॅप हूं की चूं करणार नाही.

---

जांभा

पुराचुंबकत्वात, म्हणजे खडकांतल्या जुन्या चुंबकीय खुणांच्या अभ्यासात, हीच गोष्ट खडकात कोरलेली आहे. दख्खनच्या लाव्हाने थिजताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५६ मध्ये लंडनच्या क्लेग, डॉइच, ग्रिफिथ्स यांनी या खडकांवरून दाखवलं की तेव्हा हा भाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. आजच्या हिशेबाने अंदाजे ३० अंश.

एका थरातून आठ-दहा गाभे (छिद्र पाडून काढलेले दंडगोल नमुने) काढतात. वीस थरांचे दोनशे गाभे. चिठ्ठ्या किती? वीस! एक थर थंड व्हायला जो काळ लागतो तेवढ्यात पृथ्वीचं क्षेत्र फारसं हलत नाही, त्यामुळे दहाही गाभे एकाच क्षणाचे साक्षीदार. दोनशे धरले तर दिशेभोवतीचं विश्वासवर्तुळ हास्यास्पद लहान येतं. १९५३ चं फिशरचं सूत्र दिशा गोलसर विखुरल्यात असं मानतं. त्या लांबट विखुरल्या असतील तर बूटस्ट्रॅप बरा, १९९१ मध्ये लिसा टॉक्स आणि सहकाऱ्यांनी तो या क्षेत्रात रुळवला. पण थराऐवजी गाभा ही चिठ्ठी धरलीत तर फिशर असो की बूटस्ट्रॅप, दोन्ही सारखेच खोटं बोलतात.

अवांतर: आंबेनळी, पोलादपूर, महाबळेश्वर ही दख्खनच्या थरांची नावं जगभरच्या शोधनिबंधांत वाचली की बरं वाटतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी याच थरांची वयं देऊन उद्रेकांचा वेग वेगवेगळा सांगितला होता. एक गट युरेनियम-शिशावरून वय काढणारा, दुसरा अरगॉनवरून. वयांची अधिक-उणी नीट पुढे नेली की दोघांतलं भांडण बरंच मवाळ होतं. "खालचा थर वरच्यापेक्षा तरुण असू शकत नाही" ही अट घालून वयं पुन्हा पुन्हा यदृच्छ काढायची, हेही याच कुळातलं.

---

निवांत

सगळे परदेशी पाहुणे झाले, घरच्या माणसाला विसरलात. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस! बंगालच्या तागाच्या पाहणीत त्यांनी एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने एकमेकांत गुंफून घेतले आणि ते वेगवेगळ्या तुकड्यांकडून मोजून घेतले. दोन उत्तरांतला फरक हीच त्रुटी. ना सूत्र ना टेकडी. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात हबॅक नावाच्या अधिकाऱ्याने बिहार-ओडिशात भातपिकाचे नमुने यदृच्छ घ्यायला सुरुवात केली होती. बूटस्ट्रॅपचा पूर्वेतिहास सांगणारे या दोघांची नावं घेतात. महालनोबिस काही काळ अलीपूरच्या वेधशाळेत होते आणि उत्तर बंगालच्या १९२२ च्या पुरानंतर पावसाच्या नोंदी त्यांनी चाळल्या होत्या. म्हणजे भूशास्त्राला ते परके नाहीत.

माझा मुद्दा असा की त्यांची युक्ती बूटस्ट्रॅपपेक्षा एका बाबतीत सरस आहे. माणूस बदलला की उत्तर किती बदलतं तेही त्यात येतं. चिठ्ठ्यांच्या डब्यात ते येत नाही. आडविहीर, तुमच्या आठही बाटल्या एकाच प्रयोगशाळेत गेल्या ना? तिथलं यंत्र पाच टक्के जास्त दाखवत असेल तर?

---

आडविहीर

एकाच ठिकाणी, हो. आणि बाटल्या वाटेत एक रात्र बर्फाशिवाय होत्या हेही सांगून टाकते.

उंचवट्यांचं कोडं सुटलं, आकडेमोड्या यांचे आभार. सह्यकन्या ताई, ओढ्याकाठच्या तीन विहिरी आहेतच, १६७ वाली त्यातली नाही. त्या तिघींची मिळून एक चिठ्ठी धरून पुन्हा चालवते. पावसाळ्यानंतरच्या फेरीत प्रत्येक विहिरीच्या दोन बाटल्या भरून दोन ठिकाणी पाठवायचं वरिष्ठांनी तत्त्वतः मान्य केलंय, पैशांचं बघू म्हणाले.

तोवर अहवालात अशी ओळ टाकू का: "तपासलेल्या विहिरींपैकी २५ टक्के विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले (९५ टक्के विश्वास अंतर ३ ते ६५ टक्के). एका विहिरीत ते १६७ असून तिचा स्रोत स्वतंत्रपणे तपासण्याची गरज आहे. सरासरी दिलेली नाही."

---

निवांत

"२५ टक्के" काढा, "८ पैकी २" लिहा. टक्केवारी लिहिलीत की पुढच्या बैठकीत साहेब "तालुक्यातल्या पंचवीस टक्के विहिरी" म्हणून मोकळे होतील, आणि तुमचा कंस कोणी वाचणार नाही. बर्फाचंही एका ओळीत लिहा.

---

आकडेमोड्या

+१. आणि तिघींची एक चिठ्ठी केलीत की डब्यात सहाच उरतात. सहांवर बीसीएसुद्धा फार काही सांगत नाही, तेव्हा ते अंतर अहवालात न घालता स्वतःजवळ ठेवा. दोन्ही प्रयोगशाळांचे निकाल आले की याच धाग्यावर टाका, जोड्यांचा फरक कसा वापरायचा ते बघू.